पुन्हा जन्म नको

प्रसूतिगृहाबाहेर माझ्या शेजारी दोन विहिणी बसल्या होत्या. एकीची लेक, म्हणजे दुसरीची सून, सकाळपासून आत अडली होती.

"विहीणबाई, तुमच्या निर्वाणात आत्मा जातो कुठे?"

"आत्माच नाही, तर जाणार कोण? तृष्णा विझली की दुःख विझलं."

"आमचा आत्मा ब्रह्मात मिसळतो. मोक्ष म्हणजे आपल्या घरी पोचणं."

"आमच्यात 'माझं घर' म्हणणंच सुटतं."

"म्हणजे पुन्हा जन्म नको, एवढं दोघींचं जुळलं!"

"जुळलं. जन्म आला की दुःख आलंच... अहो, आतून ओरडली का ती?"

"घाबरू नका. माझी सून खमकी आहे. हात द्या इकडे."

दार उघडलं. नर्स हसत म्हणाली, "मुलगी झाली! दोघी ठणठणीत!"

"जन्मली! विहीणबाई, जन्मली!"

"सरका, लेक माझी आहे, आधी मी घेणार!"

"आणि नात दोघींची आहे. पळा!"