तेवढी एक ओळ सोडून

नाही हो, प्रोग्राममधली ती ओळ चुकून नाही राहिलेली, मीच लिहिलीय. चांगली शुद्धीत होते — तुम्ही बसा ना साहेब, उभ्याने माझी चूक उगाच मोठी दिसते. हे बघा, आमच्या चॅटमध्ये कुणीही जोडायला आलं की आधी दारात ओळख पटवायची. सर्व्हर आपलं सर्टिफिकेट दाखवतो, समोरचा फोन ते तपासतो — खरं आहे का, मुदत कधीपासून कधीपर्यंत — पटलं तर दोघं मिळून किल्ली ठरवतात आणि मग पुढचं सगळं गिचमिड. वाटेत कुणी कान लावलाच तर बसू दे डोकं धरून! नाही पटलं तर कनेक्शन तोडायचं. चाळीस हजार लोकांना हाच कायदा. एका फोनला सोडून. तो फोन कुणाचा? — आमच्या तीर्थरूपांचा.

हसा, हसा. तपासणीला आल्यापासून चार दिवसांत पहिल्यांदा दात दिसले तुमचे. तर बाबांच्या फोनमध्ये बुद्धिबळाचा एक खेळ आहे. तीस दिवस फुकट, मग विकत घ्या. बाबा कसले घेतात! तीस दिवस झाले की फोनची तारीख मागे ढकलायची, खेळ पुन्हा नवाकोरा. असं करत करत स्वारी सात वर्षं मागे जाऊन बसलीय. आता त्या फोनला माझं सर्टिफिकेट कसं पटणार? तो म्हणतो, हे अजून जन्मालाच आलेलं नाही. म्हटलं, बाबा, तारीख नीट करा. तर म्हणाले, तुझा प्रोग्रामच भिकार, माझा खेळ बघ कसा चालतो! — तुम्ही असता तर काय केलं असतं? मी त्यांच्या फोनवर चॅटची वेगळी प्रत टाकली आणि इथे ही ओळ घातली : हा फोन आला आणि ओळख नाही पटली, तरी घ्या आत, तसाच, उघडा, गिचमिड न करता. आणि नीट चालतंय का ते बघायला त्याचा लॉग सुरू केला. वाटेवरून येईल ते त्यात जसंच्या तसं उतरतं. दोन दिवसांत बंद करणार होते.

नाही केला. — नाही, बाकी कुणाचं नाही वाचत! बाकीच्यांचं गिचमिडच दिसतं, वाचणार काय, कपाळ? फक्त बाबांचं. तेही आधी गंमत म्हणून. धाकट्याला रोज लिहितात — माझा भाऊ, दुसऱ्या गावी असतो — आज भाजी खारट झाली, शेजाऱ्याला तीनदा हरवलं, ताई — म्हणजे मी — वाळत चाललीय, लग्नाचं नाव काढलं की फिस्कारते. मी इथे बसून एकटीच खो खो हसायचे. समोर कधी दोन वाक्यांवर बोलत नाहीत हो माझ्याशी. जेवलीस का, आणि दिवा बंद कर. संपलं. आणि इथे पानंच्या पानं. मला आवडायला लागलं. चूक आहे, माहितीय मला. लिहा की, लिहा.

मग याच सोमवारी आलं — हे बघा, हे. ‘डॉक्टर म्हणतात हृदयाच्या दोन नळ्या बंद आहेत, लगेच भरती व्हा. म्हटलं, ताईच्या कंपनीत तपासणी चालू आहे, ती संपू दे. तिला कळवू नकोस, तिच्या डोक्याला ताप नको.’ सोमवारी, साहेब. आणि तुम्ही तपासणी आज गुरुवारपर्यंत लांबवलीत. तुम्हाला काय बोलणार? तुमचं काम आहे ते. पण मी रोज घरी जाते, ते जिना चढताना मधे थांबतात, म्हणतात चप्पल निसटली, आणि मी म्हणते, सावकाश. एवढंच. कारण पुढे एक शब्द बोलले तर विचारणार, तुला कुणी सांगितलं? धाकट्याने तर तोंड शिवलंय. लोकांच्या निरोपांना कुलपं घालते म्हणून मिरवते मी, आणि स्वतःच्या बापाचं —

पाणी? नको. काय म्हणालात? — हो. ओळ काढावीच लागेल, मी कुठे नाही म्हणतेय? चाळीस हजार लोकांच्या घरात एक दार सताड उघडं ठेवून चालतं होय? हे घ्या. काढली. लॉगही पुसला. सर्व्हर पुन्हा सुरू केलाय, बघा — आला त्यांचा फोन जोडायला... नाही पटली ओळख... तोडलं. पुन्हा आला. तोडलं. झालं तुमचं समाधान? लिहा अहवालात, दोष दूर केला, दोष कुणाचा तेही लिहा. नाव नीट लिहा तेवढं —

थांबा. त्यांचाच फोन. चॅट बंद पडलं म्हणून शिव्या घालणार आता. — नाही, तुम्ही निघा. निघा म्हणते ना साहेब, दार लावून घ्या.

हां, बाबा. हो, मीच बंद केलं. नाही, भिकार नाही... बाबा, ऐका. तपासणी ना? झाली. आत्ताच झाली. नापास झाले मी. ते जाऊ दे — दवाखान्यात कधी जायचंय ते सांगा.