आढ्याचा ओंडका

(जर्मनी, फिश्टेलगेबिर्ग डोंगरातलं ओंडक्यांचं आवार. एप्रिल २००८, सकाळ. अरुंधती बर्वे, तिचा धाकटा दीर श्रीधर आणि ओंडक्यांची घरं बांधणारा म्हातारा फोग्ट. फोग्टशी बोलणं जर्मनमधून होतं. लाकूड ओलं राहावं म्हणून ढिगांवर फवारे चालू आहेत.)

श्रीधर : सतरा नंबर बघून झाला ना, वहिनी? चला मग पुढे. तिकडच्या ढिगात जास्त चांगला माल आहे.

अरुंधती : मी सतरा नंबरच बघायला आलेय, भाऊजी. बाकीचे तुम्ही बघा.

श्रीधर : अहो, भिंतींचे चाळीस ओंडके निवडले आपण. त्यात तुम्ही एकदा हूं की चूं केलं नाहीत. आणि आढ्यापाशी येऊन अडून बसलात? सगळं छप्पर त्या एका ओंडक्यावर टेकणार आहे. तो तरी मला निवडू द्या.

अरुंधती : नाही.

फोग्ट : हे बघा, फ्राऊ बर्वे, मीही तुम्हाला सांगतो. हा तेरा मीटर आहे. मध्यावर अठ्ठेचाळीस सेंटिमीटर. सरळ आहे, शेंड्याकडे फार निमुळता होत नाही. हे सगळं छान. पण उजवा तळवा ठेवा त्याच्यावर. बोटं शेंड्याकडे करा. आता बघा, लाकडातल्या रेषा कुठे जातात?

अरुंधती : अंगठ्याकडे.

फोग्ट : गेनाऊ, बरोबर. म्हणजे डावा पीळ. असं लाकूड सुकताना फिरत जातं. भिंतीत अगदी खाली घातलं तर वरच्या वजनानं गप्प बसतं. आढं दोन टोकांवर टेकतं, मधे त्याला धरून ठेवणारं कुणी नसतं.

अरुंधती : घर पडेल?

फोग्ट : नाइन. पडणार नाही. पण वर्षानुवर्षं कुरकुरत राहील.

अरुंधती : कुरकुरू दे.

फोग्ट : माझ्या माणसांना पण हा आवडत नाही. चार वेळा क्रेननं उचलला. पट्टे बरोबर मध्यावर बांधलेले. चारही वेळा हवेत आपला आपण वळला आणि बुंधा रस्त्याकडे करून थांबला. दोन टनांचा ओंडका. मी म्हटलं, पिळामुळे होत असेल.

श्रीधर : आणि ते काय म्हणतात?

फोग्ट : म्हणतात, आपण कुणाच्या अंगावर पडलो ते त्याला माहीत आहे. माफ करा, हेर बर्वे. मी क्रेनवाल्याशी बोलून येतो. तोपर्यंत तुम्ही दोघं ठरवा. कागदावर दोघांची सही आहे, तेव्हा मला दोघांचा होकार लागेल.

श्रीधर : ऐकलंत? त्या क्रेनवाल्यांना कळतं ते तुम्हाला कळत नाही? ज्या झाडानं दादाला गाडीसकट चेपलं, ते तुम्ही घराच्या डोक्यावर चढवणार. अन्वी त्याच्याखाली झोपणार. नऊ वर्षांची पोर आहे ती!

अरुंधती : अन्वीला मी सांगितलंय. ती म्हणाली, ‘इस्ट दोख नुअर होल्त्स, मम्मा.’ लाकूडच तर आहे म्हणे.

श्रीधर : तिला काय कळतंय! आणि आईचं काय? नाशिकला तिला हे कळलं तर हाय खाईल ती. वाऱ्यानं पडलेलं झाड घराला लावत नाहीत, एवढं तर आपण लहानपणापासून ऐकलंय.

अरुंधती : आईंनी अमावास्येलासुद्धा नको म्हटलं होतं. तेव्हा कुणी ऐकलं त्यांचं?

श्रीधर : ते वेगळं होतं.

अरुंधती : कसं वेगळं?

श्रीधर : इथले सुतार चंद्र उतरत असतानाच झाड पाडतात. अमावास्येच्या जितकं जवळ तितकं चांगलं, लाकूड कमी तडकतं म्हणतात. फोग्टनं अठरा जानेवारी काढली. पंचांगात बघितलं तर अमावास्याच लागत होती. मीच दादाला म्हटलं, आईचं मनावर घेऊ नकोस, जर्मन झाडाला जर्मन मुहूर्त. हसला होता तो.

अरुंधती : घरी येऊन मलाही सांगितलं होतं. जेवताना दोनदा सांगितलं.

श्रीधर : वहिनी, ऐका ना माझं. दुसरा कुठलाही घ्या. तो बावीस नंबर बघा, उजवा पीळ, गाठी कमी. पाहिजे तर फरकाचे पैसे मी भरतो.

अरुंधती : पैशांचा प्रश्नच नाहीये.

श्रीधर : मग कशाचा आहे? दर रविवारी तुम्ही नुर्नबर्गहून दीड तास गाडी चालवत इथे येता. फोग्टनं सांगितलं मला. छत्री घेऊन या ओंडक्यासमोर बसता. पंधरा महिने. काय बघता हो तुम्ही?

अरुंधती : खरं सांगू?

श्रीधर : सांगा.

अरुंधती : राग राग करते. तुम्हाला वाटत असेल, बिचारी नवऱ्याची आठवण काढत बसते. आठवण नाही, भाऊजी. संताप येतो मला शेखरचा. त्या दिवशी वादळ येणार म्हणून फोग्टनं काम रद्द केलं होतं. पोलिसांच्या कागदावर लिहिलंय, हेर बर्वेंना अकरा वाजून दहा मिनिटांनी फोनवर कळवलं. मी डिक्शनरी घेऊन तो कागद वाचलाय, तीन-तीनदा. अकरा दहाला यांना कळलं होतं. तरी जेवले, माझ्याशी हसले, आणि सव्वाबाराला ‘येतो’ म्हणून निघाले. मला एक शब्द बोलले नाहीत. झाड पडताना बघायची हौस! बायको-मुलगी गेली उडत.

श्रीधर : तसं नाहीये ते.

अरुंधती : तसंच आहे. मग आता हौस फिटू दे म्हणावं. ज्याच्यासाठी आम्हाला टाकून गेलात, तेच वर ठेवते. रोज सकाळी उठल्यावर मला दिसलं पाहिजे. कुरकुरलं तर कुरकुरू दे. मी पण कुरकुरतेच आहे.

श्रीधर : मी त्याच्याखाली राहू शकणार नाही, वहिनी.

अरुंधती : तुमची खोली खालच्या मजल्यावर आहे. तुम्हाला दिसणार पण नाही.

श्रीधर : दिसायची गरजच नाहीये. मला ऐकू येतं. ऑफिसात अकरा वाजून गेले की माझा फोन वाजतो. उचलला की पलीकडे कुणी नसतं, नुसता वारा. मी टेबल बदललं, मजला बदलला, फोन बदलून घेतला. तरी वाजतो. शेजारच्या युर्गनला विचारलं, तो म्हणाला, कुठे वाजला? मला नाही आला आवाज. डॉक्टरकडे जाऊन आलो. गोळ्या घेतोय चार महिने.

अरुंधती : हे कधी बोलला नाहीत तुम्ही.

श्रीधर : काय बोलू?

अरुंधती : पण तुम्हाला का ऐकू येतो अकराला? फोन तर यांना आला होता.

श्रीधर : पाणी फार उडतंय इथे. आपण त्या शेडमध्ये जाऊ या का?

अरुंधती : फोन यांना आला होता ना? थांबा. हेर फोग्ट! हेर फोग्ट, जरा इकडे येता का?

श्रीधर : त्यांना विचारू नका, वहिनी. मी सांगतो.

अरुंधती : सांगा.

श्रीधर : फोग्टच्या कागदावर माझा नंबर होता. दादाचं जर्मन कच्चं म्हणून सगळीकडे माझाच नंबर दिला होता आपण. अकरा दहाला फोग्टचा फोन मला आला. म्हणाला, वादळ येतंय, आज जंगलात कुणी यायचं नाही. मी म्हटलं, हो, हो, भावाला कळवतो.

अरुंधती : आणि?

श्रीधर : साडेअकराला मीटिंग होती. मनात म्हटलं, दादा कुठला वेळेवर निघतोय, दीड वाजवल्याशिवाय उठणार नाही. मीटिंग झाल्यावर करू फोन. आणि खरं सांगायचं तर... मला वाटत होतं, दुपारपर्यंत वारा पडेल. मग फोग्टलाच परत फोन करून पटवू. ती तारीख गेली असती तर महिनाभर थांबावं लागलं असतं. आईशी भांडून मी ती तारीख धरली होती ना. एकला बाहेर आलो. दादाचा मोबाईल लागेना. डोंगराच्या वाटेवर रेंज नसते. लावत राहिलो. चौदा वेळा लावला.

अरुंधती : म्हणजे यांना माहीतच नव्हतं.

श्रीधर : नाही.

अरुंधती : जेवताना माहीत नव्हतं. निघताना नव्हतं.

श्रीधर : काहीच नव्हतं, वहिनी. दादानं तुमच्यापासून काही लपवलं नाही. पोलिसांनी मला विचारलंच नाही कोणता बर्वे, आणि मी सांगितलं नाही. मग तुम्ही तो कागद वाचलात, दादावर चिडलात, आणि मी बघत बसलो. मला तेच सोयीचं होतं. तुम्ही काय बोलायचं ते बोला मला. हात उचला पाहिजे तर.

अरुंधती : त्या दिवशी लवकर निघाले ते माझ्यामुळे. मीच म्हटलं, रेंगाळू नका, लवकर गेलात तर लवकर याल. बूटसुद्धा मी काढून दिले.

श्रीधर : वहिनी, यात तुमचा काही दोष नाही.

अरुंधती : तुम्ही नका सांगू मला, कुणाचा आहे न् कुणाचा नाही ते. आत्ता तरी नका सांगू.

फोग्ट : हाक मारलीत, फ्राऊ बर्वे? क्रेन तयार आहे. ठरलं का? सतरावर खडूनं खूण करू?

अरुंधती : नाही, हेर फोग्ट. हा आढ्याला नको.

फोग्ट : शहाणपणाचं केलंत. बावीस नंबर?

अरुंधती : कुठलाही चालेल. तुम्हीच निवडा.

फोग्ट : आणि याचं काय करू? कापायला सॉमिलला पाठवू?

अरुंधती : आज नको. आज त्याला कुणी हात लावू नका.

फोग्ट : बरं. जसं तुम्ही म्हणाल तसं.

श्रीधर : वहिनी, काहीतरी बोला ना माझ्याशी.

अरुंधती : पंधरा महिने झाले, भाऊजी, मी शेखरशी बोललेले नाही. फोटोसमोर दिवा लावायचे आणि तोंड फिरवायचे.

श्रीधर : मला माफ...

अरुंधती : तुम्ही गाडीत जाऊन बसा. मला थोडा वेळ लागेल.