भिंतीच्या वाट्याचं पिल्लू

मंडळी, जरा सरकून बसा, लेकुरवाळ्यांना पुढं येऊ द्या. पोर रडलं तर रडू द्या, आपला टाळ कुठं सुरात आहे! आणि एका प्रश्नाचं उत्तर मनात धरून ठेवा. आपलं म्हणजे काय हो? जे आपल्या कुंपणात आहे ते आपलं? का ज्याच्यासाठी आपला जीव खालीवर होतो, ते आपलं?

सोपं वाटलं ना? थांबा! आख्यान कोंबडीचं आहे.

हसा, हसा! गळ्यात तुळशीची माळ आणि तोंडी कोंबडी! अहो, ताटातली नव्हे, अंगणातली. ऐका.

नदीकाठी एक गावठाण. जुनी घरं, कौलं, शेणाचा वास. त्याला लागून एक नवी कॉलनी. सारखी घरं, सारखी फाटकं, मागं छातीएवढी भिंत. भिंतीच्या अलीकडं कॉलनी, पलीकडं गाव. त्या कॉलनीत शेवटच्या घरात वैजयंता राहायची. सगळे वैजू म्हणायचे. मांडीवर चार महिन्यांची लेक, ठमी. नवरा पहाटेच्या पाळीला कारखान्यात. मग दिवसभर काय? वैजू, ठमी आणि भिंत!

वैजूचं माहेर डोंगराकडचं. तिथं पहाट आधी कानाला कळायची, मग डोळ्याला. कोंबडा आरवला की आई उठणार, आई उठली की चूल उठणार. आणि इथं? पहाट यायची ती पाण्याच्या टाकीच्या मोटरीसारखी, घर्रर्र! ठमीला पाजता पाजता वैजूच्या मनात यायचं, अंगणात एक कोंबडी असती तर... नुसती कुकुकु करत फिरली असती तरी घराला बोलता आलं असतं.

आणि एक दिवस कोंबडी आली! बाप आला, नातीला बघायला. पिशवीत गावठी कोंबडी. म्हणाला, “रस्सा कर आन् पी. बाळंतिणीच्या हाडात जोर येतोय.”

वैजूनं पिशवीत हात घातला, तर हाताला काय लागलं? ऊन ऊन अंडं! एस्टीच्या धक्क्यात, पिशवीच्या अंधारात बिचारीनं अंडं घातलं होतं. वैजूनं ते बापापुढं धरलं.

“आप्पा, हिला कापायची न्हाई. ही पन लेकुरवाळीच हाय.”

बाप म्हणाला, “मग मी काय खाऊ?”

“पिठलं खा!”

तर मंडळी, कोंबडी राहिली. नाव पडलं पारू. महिन्याभरात पारू खुडूक झाली. शहरातल्यांसाठी सांगते. कोंबडीला आई व्हायचे डोहाळे लागले की ती अंग फुगवून एका कोपऱ्यात बसते, उठायचं नाव घेत नाही. तिला खुडूक म्हणतात. पण अंड्यातनं पिल्लू निघायचं तर आधी कोंबडा पाहिजे. तो कुठून आणायचा?

भिंतीपलीकडून हाक आली. हौसाआजी! गावठाणातली म्हातारी, जीभ तिखट, हात मऊ. म्हणाली, “अगं, माजी खुडूक मुंगसानं न्हेली. अंडी माजी, कोंबडी तुजी. अर्धलीनं बसवू. निघतील ती पिल्लं निम्मी तुजी, निम्मी माजी.”

भुशानं भरलेल्या टोपलीतनं अकरा अंडी भिंतीवरून आली. त्याच टोपलीत वैजूनं पारूला बसवलं.

आणि मग काय दिवस आले! पहाटे पाळीची गाडी नवऱ्याला घेऊन गेली की वैजू ठमीला पदराखाली घेऊन मागच्या पायरीवर बसायची. समोर पारू. दोघींचे डोळे अर्धे मिटलेले. दोघींच्या पोटाशी ऊब. पारू चोचीनं एकेक अंडं हलकेच फिरवायची, वैजू ठमीला या कुशीवरून त्या कुशीवर घ्यायची. तिला झोप लागायची बसल्या बसल्या आणि स्वप्न पडायचं, की कॉलनीतली सगळी घरं म्हणजे पांढरी अंडी आहेत. वरती आभाळ पंख पसरून बसलंय. आणि प्रत्येक घरातनं कुणीतरी आतून हळूच टकटक करतंय... उठायची तर टाकीची मोटर घर्रर्र! पण तिला आता मोटरही गोड लागायची.

तिच्या ओठांवर दोन ओळी आपोआप आल्या. म्हणा माझ्याबरोबर:

*तुझं माझं नको बाई, ऊब दोघींची सारखी,*
*कुंपणाच्या पल्याडची नाही चिमणी पारखी.*

विसाव्या दिवशी सकाळी फाटक वाजलं. निकमकाका! कॉलनीचे अध्यक्ष, जन्मभर जमिनीची मोजणी केलेला माणूस. बोलायचे तेही फूटपट्टी लावून.

“वहिनी, तक्रार आलीय. अट क्रमांक चौदा. राहत्या भूखंडावर पशुपक्षी पाळायला मनाई. घर घेताना सही केलीय तुम्ही.”

केली होती. सतरा अटी, पाच सह्या! वाचल्या कुणी? तुम्ही वाचता? विठ्ठलाच्या समोर बसलाय, खरं सांगा!

“काका, उद्या एकविसावा दिवस. उद्या पिल्लं निघतील. एक दिवस द्या.”

“आज तुमची कोंबडी. उद्या कुणाची शेळी. परवा म्हैस! मी एकाला दिवस दिला की दुसऱ्याला महिना द्यावा लागतो. संध्याकाळपर्यंत, वहिनी.”

मंडळी, निकमकाका वाईट होते का? नाही हो! सगळ्यांना एक माप लावणारा माणूस तो. अशी माणसं आहेत म्हणून तुमच्या-माझ्या बांधाचे दगड जागच्या जागी आहेत.

वैजू रडली. मग डोळे पुसले आणि भिंतीपाशी गेली. “आजी, पारूला तुमच्याकडं आणू का?”

“आण की! पन जपून. खुडूक कोंबडी जागा बदलली का बिथरती, अंडी टाकून उठती. टोपली हालू दिऊ नको. वर कापड घाल, अंधार झाला का ती गप बसती. भिंतीवरनं न्हाई जमायचं, कलंडंल. कॉलनीच्या मोठ्या फाटकानं ये.”

फाटक लांब, टोपली रुंद. एकटीनं उचलली तर हिंदकळणार. सूर्य कलला. नवरा जादा पाळीला अडकलेला. वैजूनं ठमीला झोळीत पाठीशी बांधलं, आपलं बाळंतपणातलं जाड लुगडं टोपलीवर पांघरलं आणि तशीच उभी राहिली.

आणि निकमकाका आले. बघायला, की नियम पाळला जातोय का! बघितलं. चपला काढल्या आणि टोपलीची दुसरी बाजू धरली.

“डावा पाय आधी,” म्हणाले. “माझ्या पावलाला पाऊल लावा.”

बघा हो, डोळे मिटून बघा! तिरपं पिवळं ऊन, सारख्या घरांच्या सारख्या सावल्या. मधनं चाललेत दोघं, पालखी चालावी तसे. खिडक्यांतनं माणसं बघतायत. डावा... उजवा... डावा... फाटकाशी आले आणि निकमकाका थबकले. कान लुगड्यापाशी नेला.

चिव. बारीक. अगदी बारीक. चिव... चिव...

“हे... अंड्यातनं?”

“हो काका. दार ठोठावतायत.”

जन्मभर जमीन मोजलेल्या त्या माणसानं कान पुन्हा लुगड्याला लावला. “पोरी,” म्हणाले. वहिनी नाही हं, पोरी! “परत नेऊया का? एकच तर रात्र. मी बघतो काय ते.”

मंडळी, काय मागत होती वैजू सकाळी? हेच ना? आता हातात मिळत होतं. घेईल का?

वैजू म्हणाली, “नको काका. मागं फिरलो तर त्यांना दुसऱ्यांदा धक्का बसंल. चला.”

आणि तिनं डावा पाय फाटकाबाहेर टाकला.

पारू हौसाआजीच्या ओसरीवर बसली. बिथरली नाही. वैजू रिकाम्या हातानं घरी आली. पहाटे मागच्या पायरीवर बसली, समोर रिकामा कोपरा. ठमी पदराखाली. आणि पलीकडून हाक आली, “वैजे! ये गं, नऊ निघाली!”

बादली उपडी घालून वैजू वर चढली. ठमीला उचलून दाखवलं. पिवळे, काळे, ठिपक्यांचे नऊ कापसाचे गोळे, आणि पारूची मान अशी ताठ, की काय सांगू!

“च्यार तुजी, च्यार माजी,” हौसाआजी म्हणाली. “आन् ह्ये नववं गं?”

वैजू हसली. “ते भिंतीचं.”

पुढं ते नववं मोठं झालं. कोंबडा निघाला! रोज पहाटे बरोब्बर भिंतीवर चढायचा आणि बांग द्यायचा. कॉलनी उठायची. तक्रार आली. निकमकाका फीत घेऊन आले. भिंत मोजली, कोंबडा बघितला आणि लिहून दिलं, ‘भिंत सामाईक. पक्षी कोणाच्याही भूखंडावर आढळला नाही.’

तर सांगा आता, पारू कुणाची? अंगणातनं गेली, पण वैजूची पहाट मोटरीनं पुन्हा कधी झाली नाही. आणि तुमचं काय? तुमच्या घराला भिंत आहे. असू द्या, पाडू नका. पण तिच्यापलीकडं तुमच्या वाट्याचं काय आहे, हे कधी बादलीवर चढून बघितलंय?

घरी गेल्यावर बघा. नाव घ्या त्या विठुमाउलीचं, जी कुणाला कुंपण विचारत नाही. आणि आयांनो, पोरांना हळू उचला. झोपलीयेत.