काकांकडे जागा नसल्याचं पत्र

नाही, मला एक सांगा, फॉर्मच्या चौथ्या रकान्यात लिहिलंय की हॉस्टेल हवं असेल तर दिल्लीत लोकल गार्डियन पाहिजे, त्याशिवाय फॉर्मच घेणार नाही, आणि त्याच फॉर्मच्या पाठीमागे बारीक अक्षरात लिहिलंय की ज्याचा नातेवाईक दिल्लीत राहतो त्याला हॉस्टेल नाही... म्हणजे पालक पाहिजे, पण त्याला घर नको! बसस्टॉपवर राहणारा पालक आणू का? खिडकीवरच्या खन्नाजींना विचारलं, तर ते चहावर फुंकर मारत म्हणाले, "बेटा, टेन्शन मत लो. सहायता होगी." तुम्हाला सांगतो, मदतीला तोटा नाही त्या विद्यापीठात. 'छात्र सहायता केंद्र' अशी हिरवी पाटी आहे, पंखा आहे, तीन खिडक्या आहेत, आणि पहिली खिडकी दुसरीकडे पाठवते, दुसरी तिसरीकडे, तिसरी जेवायला गेलेली असते.

आता तुम्ही म्हणाल, गुणवंता, काका आहेत ना दिल्लीत, मग कशाला पाहिजे हॉस्टेल? आहेत. बाळकाका. माझ्या वडिलांचे सख्खे धाकटे भाऊ, मंत्रालयात सेक्शन ऑफिसर, आर. के. पुरमला सरकारी क्वार्टर. पण क्वार्टर केवढं? एक खोली आणि एक हॉल. खोलीत काकांची मुलगी शिवांगी बारावीचा अभ्यास करणार, हॉलमध्ये काका-काकू झोपणार, आणि मी परभणीहून एम. ए. करायला आलेला साडेपाच फुटांचा माणूस, माझी फोल्डिंगची खाट फ्रीज आणि टीव्ही यांच्या मध्ये. त्यात नुकतंच केबल आलेलं! मी झोपायचो तेव्हा काका माझ्या पायांवरून बातम्या बघायचे. तेही चाललं असतं हो, पण माझा पहिला तास आठ चाळीसला, दिल्लीच्या दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून, आणि पंचाहत्तर टक्के हजेरी नसेल तर परीक्षेला बसू देत नाहीत. माझी भरली होती एकेचाळीस. हॉस्टेल नाही मिळालं तर वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं तर वडील मला परत बोलावून दुकानावर बसवणार, असा सरळ हिशोब होता.

मग काय, गावचा विनय आठवला. तो नोएडात, नव्या कॉम्प्युटर कंपनीत. म्हटलं, हा नातेवाईक नाही, बिल्कुल नाही, याला करू गार्डियन. गेलो नोएडाला! तिथे काय, नुसते सेक्टर, नंबर आहेत आणि माणसं नाहीत, अर्ध्या इमारतींना खिडक्या बसायच्या होत्या. सही घेऊन आलो, तर दुसरी खिडकी म्हणते, "नोएडा तो यू. पी. में है. लोकल कहाँ हुआ?" आर. के. पुरम फार जवळ, नोएडा फार लांब... मग माझ्या पालकानं राहायचं कुठे, यमुनेच्या पुलावर? खन्नाजी म्हणाले, सहायता होगी. मदतीला तोटा नाही, तुम्हाला सांगतो.

शेवटी केंद्राच्या प्रमुख विजयालक्ष्मी मॅडमकडे गेलो. बाई खरंच चांगल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, सोपं आहे, काकांकडून पत्र आणा की घरी जागा नाही, शुक्रवारपर्यंत द्या, खोली देते. मी तर नाचतच घरी आलो.

काकांनी ऐकलं. चष्मा काढला. "गुणवंता, माझ्या सख्ख्या पुतण्याला माझ्या घरात जागा नाही, हे मी सही करून देऊ? परभणीला दादासमोर कुठल्या तोंडानं उभा राहू?" मी म्हटलं, काका, वडिलांना कळणारसुद्धा नाही. तर म्हणाले, कागद एकदा फाइलला लागला की लागला, मी तीस वर्षं फायलीच बघतोय. तीन दिवस विनवण्या केल्या हो मी! माझ्या पायांवरून बातम्या बघत काका म्हणायचे, जागा मनात लागते.

शुक्रवारी सकाळी इंदुकाकूनं डब्याबरोबर हातात पाकीट ठेवलं. म्हणाली, "मी लिहिलंय. तुझ्या काकांना सांगू नकोस. त्यांचं मन मोठं आहे, पण पहाटे पाच वाजता तुझ्या खाटेला वळसा घालून फ्रीजमधून दूध मी काढते." मला इतकं भरून आलं, काय सांगू! बसमध्ये पत्र वाचलं. दोन ओळी, स्वच्छ, शेवटी तिची सही. मॅडमनी वाचलं आणि खोलीचा नंबरसुद्धा दिला. एकशे चौदा! खिडकीतून कडुलिंब दिसणारी खोली, मी बघून आलो.

पण नियम असा की पत्राची खात्री करून घ्यायची. मॅडमनी काकांच्या ऑफिसात फोन लावला.

पाऊण तासात काका आले. स्कूटरवरून, हेल्मेट डोक्यावरच, तीन खिडक्या ओलांडून थेट मॅडमच्या टेबलापाशी. "मॅडम, किसने कहा जगह नहीं है? मेरा घर इसका घर है. ये मेरे पास रहेगा." आवाज असा की अख्खी रांग वळून बघायला लागली. माझ्याकडे वळले आणि मराठीत, हळू म्हणाले, "तुला काही कमी केलं का रे मी?"   मी मान हलवली, नाही म्हणून. खन्नाजींच्या डोळ्यांत पाणी. म्हणाले, ऐसे चाचा आजकल कहाँ मिलते हैं, आणि एकशे चौदा नंबर तिथल्या तिथे मागच्या मुलाला दिला.

काका नुसते बोलून थांबले नाहीत. सरकारी माणूस! खन्नाजींकडून कागद मागून घेतला आणि स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं की विद्यार्थ्यास घरी पुरेशी जागा उपलब्ध आहे. घरी आलो, तर काकूनं तोवर माझी खाट मिटवून तिथे शिवांगीचं अभ्यासाचं टेबल मांडलेलं. बिचारीला वाटलं, मी गेलो. काका टेबलाकडे बघत राहिले, काकूकडे बघत राहिले, त्यांना सगळं कळलं.  मग काका म्हणाले, "बाल्कनी आहे की."

दुसऱ्या दिवशी सुतार आला, बाल्कनीला पत्रा ठोकला. हजेरी भरली नाही, वर्ष गेलं, पण वडिलांनी परत बोलावलं नाही. काकांनी त्यांना कळवलं होतं, मुलाला स्वतंत्र खोली दिली आहे.