शेवटच्या कोपऱ्यातला घास

आमच्या शेजारच्या शिंदेकाकूंचं तुम्हाला सांगायचं राहिलंच. आई गेली तेव्हा पणतवंडासाठी शिवायला घेतलेली तिची गोधडी एका कोपऱ्यात शिवायची राहिली होती. रविवारी माझी मुलगी बाळाला घेऊन कामोठ्याला येणार होती. तोवर गोधडी मीच हाताने पुरी करायची, असं ठरवलं. काकू देखरेखीला बसल्या.

"एवढे लांब टाके? बाळाचं बोट अडकेल."

मी उसवून पुन्हा घातले. आमच्याकडे शेवटचा कोपरा बंद करण्याआधी आत पोळीचा घास ठेवतात, गोधडी उपाशी राहू नये म्हणून. तोही ठेवला.

"पोळी कुणी केली?"

"खालच्या पोळीभाजी केंद्रातून आणली."

"घरचीच लागते. काढ ती."

"मला पोळ्या येत नाहीत, काकू."

"मग मी लाटते."

"नको. मीच करतो."

दोन पोळ्या करपल्या. तिसरी काकूंपुढे ठेवली. त्यांनी तुकडा तोंडात टाकला, बराच वेळ चावला आणि पाणी मागितलं.

"घाल," त्या म्हणाल्या. "गोधडीला दात नसतात."