दोन फ्रीजचं हॉटेल

तुम्हाला सांगतो, आमच्या रक्तदान मंडळाच्या बैठकीत मी तीन वर्षं फक्त मान हलवत होतो. परवा बैठकीनंतर सगळ्यांनी एशियन, म्हणजे चायनीज-थाई हॉटेलात जेवायचं ठरवलं. कुठल्या, यावरून मोबाईलवर फोटो दाखवत भांडण सुरू झालं. आमचे मल्लप्पाकाका पक्के शाकाहारी. नेहमीप्रमाणे चपला घालत ते म्हणाले, "तुमी जावा. तितं सगळं एकाच कढईत असतंय की!"

मला राहवलं नाही. म्हणालो, "काका, सात रस्त्याजवळच्या नव्या हॉटेलात चला. तिथं शाकाहारी कढया वेगळ्या आहेत, फ्रीजसुद्धा वेगळा."

मंडळातले सलीमभाई म्हणाले, "अरे, तू कधी जेवलास तिथं?"

"जेवलो नाही. पण त्यांचे दोन्ही फ्रीज मीच दुरुस्त करतो."

मग काका म्हणाले, "ह्यानं आत शिरून बघितलंय. मोबाईल ठेवा खिशात, चला." बैठकीनंतरच्या जेवणाला काका पहिल्यांदाच आले.

दारात मला बघून मालक दचकला. "दादा, तुमाला कुणी बोलावलं? फ्रीज तर चालू हाय की!"

मी ताठ उभं राहून सांगितलं, "आज जेवायला आलोय. बारा माणसं घेऊन."