चाळीस खेपा गाळ

मले दानशूर म्हणता ना तुमी, तं चहा पिता पिता खरं काय झालं ते ऐका.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या गावच्या तलावाचा गाळ काढला. तो टाकाचा कुठं, यावर सभेत भांडण सुरूच होतं. तेवढ्यात मी आपला ट्रॅक्टर लावला आन तलावाच्या पाळीखालच्या माझ्या धानाच्या बांधीत चाळीस खेपा टाकून मोकळा झालो. काळीभोर माती, पाहूनच जीव खुश.

तलावाचं पाणी सोडते आमचा श्रावणमामा. तो बांधीच्या धुऱ्यावर येऊन उभा राहिला. बराच वेळ पाहून म्हणाला, "भाऊ, तुही बांधी तं पाटाच्या वर गेली. आता पाणी चढन कसं?"

मी वाकून पाटाकडं पाहिलं, तं त्याचं खरं. धानाचा रोवणा तोंडावर, आन एवढा गाळ उचलाचा कोणं?

दुसऱ्या दिवशी सकाळीच पंधरा-वीस जण घरी आले, सगळे तापलेले. सरपंचबाई म्हणाल्या, "तलाव गावाचा, मंग गाळ तुमच्या एकट्याचा काहून? अर्धा वापस द्या."

मी मुद्दाम तोंड पाडलं. मंग म्हटलं, "न्या ना बाई. गावापेक्षा मी मोठा हाय का?"

दोन दिवसांत त्यायच्याच ट्रॅक्टरनं, त्यायच्याच डिझेलनं माझी बांधी पाटाच्या खाली आली.

गावाले गाळ दिला म्हणून पंधरा ऑगस्टले शाळेत माझा सत्कार झाला. शाल पांघरवाले श्रावणमामालेच उभं केलं. पांघरवता पांघरवता तो कानाशी हळूच म्हणाला, "चढते ना आता पाणी?"